फिरतीनंतर विज्ञान शिकवायचंय: क्लास की शाळा?

फिरतीचं काम सोडून शिकवायला यावं असं मनात असलेले दोघंतिघं अलीकडे भेटले. सगळ्यांचा प्रश्न एकच होता. कोल्हापुरात राजारामपुरीत एखाद्या खासगी क्लासला शिकवायला लागावं, की बी.एड. करून शाळेत जावं? मी दोन्ही केलंय. त्याआधी ११ वर्षं वनस्पतींच्या सर्वेक्षणात गेली. दाजीपूरचं जंगल, मसाई पठार, जांभ्याचे सडे असं हिंडायचो. १० बाय १० मीटरची चौकट दोरीनं आखायची आणि आतलं प्रत्येक झाड मोजून वहीत उतरायचं, हे काम.

पैशाचं आधी सांगतो, कारण घरी पहिला प्रश्न तोच येतो. तिथं क्लास उजवा. डेमो लेक्चर आवडलं की पुढच्या सोमवारपासून या म्हणतात, आणि पहिल्याच महिन्याला हातात पगार. शाळेची वाट लांबची. बी.एड.ची सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा, मग दोन वर्षं कॉलेज, त्यातच शाळांमधली इंटर्नशिप, म्हणजे तेवढा काळ घर दुसऱ्या कुणीतरी चालवायचं. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर, १५० पैकी खुल्या गटाला ९० गुण लागतात. पुढं टेट, म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, आणि पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला महिना १८ हजार मानधन. माझी बायको नोकरी करते म्हणून आम्हाला हे झेपलं. ज्यांच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत, त्यांना मी आग्रह करणार नाही.

क्लासची मुलंही हुशार, हे मनापासून सांगतो. अकरावी-बारावीची, नीटची तयारी करणारी. प्रश्न नेमके विचारतात, आणि त्यांना उत्तर देताना माझा विषय पक्का झाला.

मला नडली ती खिडकी. क्लासच्या हॉलला दोन खिडक्या होत्या, पण बोर्डावर उजेड पडतो म्हणून दोन्ही प्लायवूडनं बंद केलेल्या. दुपारी दोन ते रात्री आठ ट्यूबलाइट. जुलै महिना, कोल्हापूरचा पाऊस, आणि पाऊस लागलाय हे मला जिना उतरून रस्त्यावर आल्यावर कळायचं. एकदा राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, तेही एका पालकांच्या फोनमुळं समजलं. ज्यानं ११ वर्षं आभाळ बघून दिवस आखला, त्याला हे किती लागतं ते फिरती केलेलाच जाणे. दुसऱ्या कुणाला ही बारीक गोष्ट वाटेल, कबूल आहे.

शिकवण्यातही तीच खिडकी बंद. ‘गवतवर्गीय वनस्पतींच्या रक्षक पेशी डंबेलच्या आकाराच्या असतात’ हे वाक्य (रक्षक पेशी म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांच्या, पर्णरंध्रांच्या, दोन्ही बाजूंच्या पेशी) मी क्लासमध्ये लिहून द्यायचो, मुलं अधोरेखित करायची, आणि पुढचा मुद्दा. पोर्शन संपवायचा असतो. त्यात क्लासची चूक नाही, पालक त्यासाठीच फी भरतात.

तेच वाक्य शाळेत नववीला ऊती शिकवताना आलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, ऊस गवतच न्हवं काय? आमच्यातला पाला आणू काय?” दुसऱ्या दिवशी ती पाला घेऊन आली, बोटं कापू नयेत म्हणून कडा दुमडून, कागदात गुंडाळून. पानाच्या खालच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचा हात दिला, वाळल्यावर वर सेलोटेप दाबून सोलून काढली आणि काचपट्टीवर चिकटवली. शाळेला सूक्ष्मदर्शक एकच, तोही जुना. आरसा खिडकीकडं वळवला, उजेड आला आणि रांगेनं उभी, डंबेलसारखी पर्णरंध्रं दिसली. शेजारी जास्वंदीच्या पानाची पट्टी ठेवली, तिथल्या पेशी घेवड्याच्या दाण्यासारख्या. तास संपला तरी रांग हलेना. त्या मुलीनं तीनदा नंबर लावला.

शाळेत कटकटी नाहीत असं नाही. ऑनलाइन माहिती भरणं संपत नाही, निवडणुकीचं काम येतं, आणि प्रयोगशाळेचं सामान कधी येईल ते सांगता येत नाही. पण या गोष्टी मला रात्री घरी छळत नाहीत. बंद खिडकी छळायची.

तुमचं वेगळं असू शकतं. ठरवण्याआधी एवढं करा: ओळखीनं एखाद्या क्लासच्या हॉलमध्ये मागं तीन तास बसा, आणि एखाद्या खेड्यातल्या हायस्कूलमध्ये एक दिवस काढा. शाळेकडं थोडाही कल वाटला आणि वय पस्तिशीला टेकलं असेल, तर यंदाचीच सीईटी द्या. भरतीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, आणि बी.एड.ची दोन वर्षं त्यातूनच वजा होतात.