सागवानी आरामखुर्ची आणि लकडगंजातील लाखेचे पॉलिश

आमच्या घरची सागवानी आरामखुर्ची मे महिन्यात नागपूरच्या लकडगंजातील एका वयस्क मिस्त्रींकडे दुरुस्तीला दिली होती. मागचा एक सांधा सैल झाला होता, बैठकीचा वेत तुटला होता आणि खुर्चीच्या हातावर गरम चहाच्या पेल्यांची पांढरी वर्तुळे उमटली होती. त्याआधी एका दुकानात सगळे पॉलिश खरवडून वर मेलामाइन हे कृत्रिम पॉलिश मारण्याचा सल्ला मिळाला होता.

मिस्त्रींनी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस खुर्चीच्या खालच्या बाजूला घासला, तो तपकिरी, चिकट होताच म्हणाले, "चपडा लाख आहे, खरवडायची नाही." चपडा म्हणजे पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवली जाणारी लाख. तिचा नवा थर जुन्या थरात थोडासा विरघळून एकजीव होतो, म्हणून लाकडाला धक्का न लावता पॉलिश उजळता येते, मेलामाइनचा थर एकदा पक्का झाला की असा विरघळत नाही. सांधाही सरसाने, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्राणिज गोंदाने, जोडलेला होता, त्यामुळे तो गरम पाण्याने मऊ करून, कुठेही चीर न पाडता सुटा झाला आणि पुन्हा सरसानेच बसवला गेला.

एका दुपारी मी काम पाहत बसलो. मलमलीत बांधलेला कापसाचा बोळा, त्यावर तेलाचा एखादा थेंब, आणि लाकडावर गोल गोल फिरणारा हात. बोळा क्षणभरही थांबत नव्हता, कारण थांबला तर तो चिकटून खालचा थर उचलतो. लाख देणारे कीटक ज्यांवर पोसले जातात त्यांत आपल्या विदर्भातला पळसही आहे, हे मला तिथेच कळले.

आता तक्रारी. दहा दिवसांचा वायदा होता, लागले पाच आठवडे, आणि मधल्या काळात एकदाही निरोप आला नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते म्हणून त्यांनी हात थांबवला. ते योग्यच होते, पण सांगायला हवे होते. वेताचे काम बाहेर दिलेले असावे, ते डाव्या बाजूला ढिले आहे. मिस्त्रींच्या दुकानातला तरुण मुलगा कपाटांवर स्प्रे मारतो, बोळा हाती धरत नाही, त्यामुळे लाखेचे प्रत्येक काम या एकाच माणसाच्या रांगेत येते.

एकूण साडेसात हजार रुपये दिले. हातावरची वर्तुळे पूर्ण गेली असून लाकडाच्या रेषा पुन्हा दिसू लागल्या आहेत. कोणाला काम द्यायचे असल्यास फेब्रुवारीत द्यावे आणि वेत स्वतः तपासून घ्यावा.