बाटली जॅक की ट्रॉली जॅक? घरी चाक काढणाऱ्यांसाठी

टायरांची अदलाबदल किंवा ब्रेक पॅडची पाहणी घरच्या घरी करणाऱ्याने दोन टनी बाटली जॅक (बाटलीसारखा उभा) घ्यावा की तेवढ्याच क्षमतेचा ट्रॉली जॅक (चाकांवरचा, आडवा, लांब दांड्याचा), हा प्रश्न ताकदीवर सुटत नाही, कारण तेलाच्या दाबाचे तत्त्व दोन्हींत एकच आहे आणि लहान मोटारीचा एक कोपरा दोन्ही सहज उचलतात. मी दोन्ही वापरले आहेत.

बाटली जॅक स्वस्त, हलका आणि डिकीत मावणारा आहे. तो सरळ वर उचलतो, त्यामुळे कच्च्या रस्त्यावरही खाली जाड फळी ठेवून काम भागते. ट्रॉली जॅकचा हात कमानीत वर जातो, म्हणून उचलताना जॅकची चाके थोडी सरकणे आवश्यक असते. मुरमात किंवा उखडलेल्या फरशीवर ती अडकली, तर टेकू निसटण्याचा धोका असतो.

तरीही माझा कौल ठरला तो गाडी खाली घेण्याच्या कटकटीमुळे. बाटली जॅकचा, दाब सोडून गाडी खाली आणणारा व्हॉल्व्ह अगदी बुडाशी असतो. दांड्याच्या टोकाच्या खाचेने तो फिरवता येतो खरा, परंतु ती खाच वारंवार सुटते, संध्याकाळच्या उजेडात व्हॉल्व्ह दिसत नाही आणि शेवटी हात गाडीखाली घालण्याचा मोह होतो. नेमक्या त्याच वेळी व्हॉल्व्ह किंचित जास्त सैल झाला, तर गाडी एकदम खाली बसते. ट्रॉली जॅकमध्ये बाहेर उभे राहून, गाडीवर नजर ठेवून, लांब दांडा हळूहळू फिरवला की पुरते. शिवाय टायर पूर्ण बसलेला असताना बाटली जॅक अनेकदा गाडीखाली शिरतच नाही, तर ट्रॉली जॅकची बशी (गाडीला टेकणारा भाग) बहुधा शिरते.

जॅक कोणताही असो, तो उचलण्यासाठी आहे, तोलून धरण्यासाठी नाही. आतले तेल रोखणारे एक सील गेले तरी दाब उतरतो, म्हणून गाडीखाली शिरण्यापूर्वी जॅक स्टँड, म्हणजे गाडी तोलून धरणारे पक्के आधार, लावलेच पाहिजेत. उचललेल्या बाजूच्या विरुद्ध टोकाच्या चाकाला दोन्ही बाजूंनी अडण लावावी आणि नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत.

निगा दोन्हींची जवळपास सारखीच आहे. तेल हायड्रॉलिक जॅकचेच घालावे. ब्रेक ऑइलने सील फुगतात. उचल मऊ वाटू लागली, तर व्हॉल्व्ह उघडा ठेवून रिकाम्या जॅकचा दांडा काही वेळा वर-खाली करावा, म्हणजे अडकलेली हवा निघते. पिस्टन खाली घेऊनच जॅक ठेवावा, नाहीतर पावसाळ्यात त्याच्या उघड्या भागावर गंज चढतो आणि तोच गंज सील कापतो. ट्रॉली जॅकच्या चाकांना ग्रीस लागते, तेवढे काम जास्त.

वाहन सपाट काँक्रीटवर उभे राहत असेल, तर ट्रॉली जॅकच घ्यावा, असे मला वाटते. जे बहुतेक प्रवासातच असतात, त्यांनी बाटली जॅक घ्यायला हरकत नाही. मात्र घेण्यापूर्वी त्याची किमान उंची आपल्या गाडीखाली मोजून पाहावी, आणि तीही टायर बसलेला आहे असे धरून.