बेळगाव पट्ट्यातलं एनर्जी ऑडिट: फाउंड्री, साखर कारखाना आणि रुग्णालय यांनी कोणतं निवडावं?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत दुपारच्या पाळीला उभा होतो. एक टनाच्या, विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीतलं लोखंड कधीच वितळलं होतं. भट्टीवाले काका पॅनेलकडे बघत थांबलेले. ओतत का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "साहेब, रस तयार हाय, साचे कुठं तयार हायत?" पंचवीस मिनिटं तो पांढराशुभ्र रस उघड्या तोंडाच्या भट्टीत धगधगत राहिला आणि मीटर फिरत राहिलं. या कारखान्याचं एनर्जी ऑडिट, म्हणजे ऊर्जा कुठे वाया जाते याची तपासणी, आदल्याच वर्षी झालं होतं. अहवालात एलईडी दिवे होते, कपॅसिटर होते, कमी वीज खाणाऱ्या आयई-३ मोटरी होत्या. ही पंचवीस मिनिटं मात्र कुठल्याच पानावर नव्हती.

ऑडिट करून घ्यायचं ठरलंय पण कोणतं घ्यावं, असं विचारणारे मालक आणि मॅनेजर हल्ली वरचेवर भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी कायद्याचं बघू, कारण तिथे बरेच गैरसमज आहेत. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, आणि त्याखाली ऊर्जा दक्षता ब्यूरो, म्हणजे बीईई, २००२ मध्ये सुरू झाला. सक्ती आहे ती सरकारने ठरवून दिलेल्या मोठ्या ग्राहकांवर. ॲल्युमिनियम क्षेत्राला वर्षाला ७,५०० टन तेलाइतक्या ऊर्जेची मर्यादा आहे, कापड उद्योगाला ३,०००. बेळगावच्या हिंदाल्कोसारखा प्रकल्प त्यात मोडतो. तिथे ऊर्जा व्यवस्थापक नेमावा लागतो आणि ऑडिटही बीईईची मान्यता असलेल्याकडूनच करून घ्यावं लागतं. उद्यमबाग, मच्छे, होनग्यातल्या बहुतेक कारखान्यांवर अशी सक्ती नाही. त्यामुळे तिथे ऑडिट होतं ते निव्वळ पैसे वाचवण्यासाठी, आणि म्हणूनच ते नीट निवडायला हवं.

बाजारात चार वाटा दिसतात. पहिली धावती पाहणी: एक-दोन दिवस, बिलं चाळायची, कारखाना फिरायचा, सोप्या गोष्टी सांगायच्या. दुसरी सविस्तर ऑडिट: यंत्रं लावून आठवडा-दोन आठवडे मोजमाप, ऊर्जेचा ताळेबंद, प्रत्येक सुधारणेचा खर्च आणि परतफेडीचा हिशेब. तिसरी एस्को कंपनीची: ती स्वतः गुंतवणूक करते किंवा बचतीची हमी देते आणि वाचलेल्या पैशातून आपला वाटा घेते. चौथी 'फुकट ऑडिट'. या चौथ्या वाटेने मी स्वतः एकदा गेलोय. एका कॉम्प्रेसर विक्रेत्याने मोफत तपासणी केली, सुंदर रंगीत अहवाल दिला आणि उपाय एकच सांगितला: नवा कॉम्प्रेसर. पाइपलाइनमधल्या गळतीचा त्यात उल्लेखही नव्हता. आम्ही नवा घेतला आणि तो नवा कॉम्प्रेसर जुन्याच गळतीला हवा पुरवत राहिला. विकणाऱ्याकडून तपासणी करून घेऊ नका, एवढं मी कळकळीने सांगेन.

फाउंड्री

फाउंड्रीच्या विजेतला सगळ्यात मोठा वाटा वितळण्यात जातो. तेव्हा ऑडिटरने भट्टीपाशी किती वेळ काढला, यावरून त्या ऑडिटची किंमत ठरवावी. कास्ट आयर्न ओतण्याच्या तापमानापर्यंत न्यायला सिद्धांताने टनाला ४०० युनिटच्या आसपास पुरेत. प्रत्यक्षात ५५० ते ७०० लागतात. मधला फरक जातो कॉइलच्या थंड पाण्यात, अस्तरातून, उघड्या तोंडातून, आणि चार्जबरोबर, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालाबरोबर, आत पडणाऱ्या गंज-वाळूत. रनर-रायझर, म्हणजे कास्टिंगपासून तोडलेले वाटेतले तुकडे, शॉटब्लास्टने साफ न करता तसेच भट्टीत टाकले तर चिकटलेली वाळूही आपण विजेवर वितळवतो. तिचा स्लॅग, म्हणजे रसावरचा मळ, होतो आणि तो काढायला पुन्हा झाकण उघडावं लागतं.

महिन्याला ३०० टन वितळणाऱ्या कारखान्याने टनामागचे ६५० युनिट ६०० वर आणले तर १५,००० युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर महिन्याला १ लाख २० हजार. यातली बरीचशी बचत झाकण, स्वच्छ चार्ज आणि मोल्डिंगशी वेळ जुळवणं यातूनच येते, नवी भट्टी घ्यावी लागत नाही. बीईई, संयुक्त राष्ट्रांची युनिडो आणि जीईएफ हा जागतिक पर्यावरण निधी यांच्या संयुक्त प्रकल्पात देशातल्या ज्या तीन फाउंड्री वसाहती निवडल्या होत्या, त्यांत कोइंबतूर आणि इंदूरबरोबर बेळगावही होतं. तेव्हा हे ज्ञान गावात आलेलं आहे. ते शेजारच्या शेडपर्यंत पोचलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा मोठा चोर म्हणजे कॉम्प्रेसरची दाबलेली हवा. ७ बारच्या लाइनला ३ मिलिमीटरचं एक भोक असलं की जवळपास ३ किलोवॅट जातात. रविवारी कारखाना बंद असताना कॉम्प्रेसर चालू करा आणि घड्याळ लावून बसा. तो दोन मिनिटं लोड होऊन (हवा भरत) सहा मिनिटं अनलोड (नुसता फिरत) राहत असेल तर गळती २५ टक्के आहे. ७५ किलोवॅटचं यंत्र वर्षाला ६,००० तास चालत असेल, तर ते १ लाख १२ हजार युनिटच्या आसपास होतात. ही चाचणी करायला ऑडिटर लागत नाही.

माझं मत: फाउंड्रीने सविस्तर ऑडिटच घ्यावं, आणि ऑर्डरी भरलेल्या असतील त्या महिन्यात. धावत्या पाहणीत होल्डिंगचा, म्हणजे तयार रस नुसता गरम ठेवण्याचा, वेळ दिसत नाही, तो दिसायला दोन-तीन पूर्ण पाळ्या भट्टीशेजारी उभं राहावं लागतं. एस्कोकडे जायचं असेल तर करार 'टनामागे युनिट' यावरच करा, आणि तो टन विकलेल्या चांगल्या कास्टिंगचा धरा. बिलाच्या रकमेवर केलात तर ऑर्डर कमी झालेल्या महिन्यात बचत दिसेल आणि त्याचेही पैसे द्यावे लागतील.

साखर कारखाना

चिकोडी, अथणी, रायबाग, संकेश्वर, निपाणी या उसाच्या पट्ट्यात गणित उलटं आहे. कारखाना स्वतःची वीज बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, तयार करतो, म्हणून वाचलेली वाफ म्हणजे विकता येणारी वीज किंवा शिल्लक बगॅस. ५,००० टन रोजच्या गाळपाच्या कारखान्याने वाफेचा खप उसाच्या वजनाच्या एका टक्क्याने खाली आणला, तर रोज ५० टन वाफ वाचते, म्हणजे २० टनांहून अधिक बगॅस. १२० दिवसांच्या हंगामात अडीच हजार टनांच्या आसपास.

इथे एक चूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. ऑडिट जून-जुलैमध्ये ठेवतात, कारण तेव्हा सगळे मोकळे असतात. पण बंद कारखान्यात बाष्पीभवनाच्या बॉडीज थंड असतात, बॉयलरचा धूर नसतो, मोजायला काहीच नसतं. मोजमाप गळीत हंगामातच हवं, शक्यतो हंगाम स्थिरावल्यावर. अहवाल उन्हाळ्यात, आणि दुरुस्ती ऑफ-सीझनला. बॉयलरच्या धुराचं तापमान २२ अंशांनी उतरलं की इंधन सुमारे एक टक्का वाचतं. बगॅसमधला ओलावा ५० टक्क्यांच्या आसपास असतो, तिथे मिलचा दाब सुधारूनही फरक पडतो. एस्को इथे जमत नाही, असं मला वाटतं. पाऊस, उसाची प्रत, रिकव्हरी (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) आणि मध्येच थांबणारं गाळप यांत बचत नेमकी कशामुळे झाली, हे ठरवतानाच वाद होतात. कारखान्याच्या वाफेचा ताळेबंद मांडलेला अनुभवी ऑडिटर शोधा, मग भले तो कोल्हापूरचा असो की पुण्याचा.

रुग्णालय, कॉलेज, हॉटेल

इथे धावत्या पाहणीने सुरुवात केली तरी चालते. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, हे बीईईचंच सांगणं. ४०० जुने पंखे ७५ वॅटचे असतील आणि ते कमी वीज खाणाऱ्या ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्यांनी बदलले, तर रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस धरून ६४,८०० युनिट वाचतात. पंख्याला २,८०० रुपये पडले तरी सव्वादोन वर्षांच्या आत पैसे निघतात. वॉर्डातल्या गरम पाण्यासाठी हीट पंपाचाही विचार करा. ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूच्या हवेला मात्र हात लावू नका. तिथे हवा किती वेळा बदलायची याचे नियम संसर्ग टाळण्यासाठी आहेत. रोजचा वापर बऱ्यापैकी सारखा असल्यामुळे आधीचा खप ठरवणं सोपं जातं, म्हणून एस्कोची वाट खरी इथेच शोभते.

ज्यांचा एक कारखाना मच्छेत आणि दुसरा चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. अंतर थोडं, पण बिलं दोन राज्यांची. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरा कामाला येणारा भाग) घसरला की युनिटच वाढतात. हेस्कॉमचं, म्हणजे बेळगावकडच्या कर्नाटकी वीज कंपनीचं, बिल वेगळ्या मांडणीचं. एकाच ऑडिटरला दोन्ही जागा द्या, पण कपॅसिटरचा आणि करारातल्या केव्हीएचा हिशेब दोन्हीकडे वेगळा मागा.

ऑर्डर देण्याआधी ऑडिटरला तीन गोष्टी विचारा. बीईईचं प्रमाणपत्र कुणाच्या नावावर आहे आणि तो माणूस स्वतः येणार का? मोजमापाची उपकरणं कोणती आणि त्यांचं कॅलिब्रेशन कधीचं? सुधारणा झाल्यावर पुन्हा मोजायला येणार का? तिसऱ्याला हो म्हणणारा भेटला तर चार पैसे जास्त द्या.

त्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आता मोल्डिंगकडून 'साचे लागले' असा निरोप आल्याशिवाय शेवटचा चार्ज भट्टीत पडत नाही. झाकण बसवायचं काम दिवाळीच्या सुट्टीत धरलंय.