थुंकीच्या नळीतून राजघराणे
ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या घरी शिंदेशाहीतील मोडी वंशावळ आहे. तिला जोड म्हणून मी थुंकीची नळी भरून डीएनए तपासून वंश सांगणाऱ्या एका कंपनीकडे धाडली. मूळ अहवाल नेटका आला, मात्र जादा पैसे घेऊन जोडलेले ‘युरोपीय राजघराण्यांशी नाते’ हे पान फसवे आहे. २०१२ मध्ये लेस्टरला सापडलेल्या इंग्लंडच्या राजाच्या, तिसऱ्या रिचर्डच्या सांगाड्याशी त्याच्या बहिणीच्या मातृवंशातील वारसांचा मायटोकाँड्रियल (आईकडून येणारा) डीएनए जुळला, पितृवंशातील नातलगांचे वाय गुणसूत्र (बापाकडून मुलाकडे जाणारे) मात्र जुळले नाही. कागदोपत्री वंशावळ हाताशी होती म्हणूनच त्या जुळणीला अर्थ आला. माझ्या पानावर केवळ माझा आणि राजघराण्याचा हॅप्लोग्रुप (डीएनएतील समान खुणांचा मोठा वंशगट) सारखा आहे, म्हणजे हजारो वर्षांमागचा कुणी समान पूर्वज, आणि वर सोनेरी मुकुट. हे पान घेऊ नये. सासूबाईंनी मुकुट पाहून विचारले, ‘अहो, मग पेन्शन किती?’