'डाहमर' आणि 'माइंडहंटर'

दोन्ही मालिका नेटफ्लिक्सच्या, दोन्हींत बळी गेलेले बहुतेक कृष्णवर्णीय. सीरियल किलर जेफ्री डाहमरवरच्या 'डाहमर'मध्ये (२०२२) अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातली त्याची शेजारीण ग्लेंडा क्लीव्हलंड पोलिसांना फोन करून करून थकते. मे १९९१ मध्ये खुन्याच्या घरातून निसटलेला १४ वर्षांचा लाओशियन मुलगा पोलिसांनी परत त्याच्याच हवाली केला. तो लहान मुलगा आहे ना, हे ती विचारत राहते. पलीकडून नुसती उडवाउडवी. संताप येतो. पण कॅमेरा खुन्यावरच फार रेंगाळतो.

'माइंडहंटर'चं दुसरं पर्व (२०१९) अटलांटातल्या १९७९-८१ च्या बालहत्यांवर आहे. इथे मारल्या गेलेल्या मुलांच्या आया संघटना उभारून यंत्रणेला जाब विचारतात. या हत्यांतला संशयित वेन विल्यम्स याला शिक्षा होते ती दोन प्रौढांच्या खुनासाठी. मुलांच्या खुनांचा खटला उभाच राहत नाही. मला हीच मालिका जास्त प्रामाणिक वाटते.