तरणतलावाचा तडकलेला काठ: भेगा भराव्यात की नवा थर द्यावा?

नागपूरजवळच्या शेतघरातील तरणतलावाभोवतीचे काँक्रीट तडकल्यामुळे भेगा तेवढ्या भराव्यात की सगळीकडे पॉलिमरयुक्त सिमेंटचा पातळ थर चढवावा, असा पेच आमच्या मेहुण्यांपुढे आहे.

टिकाऊपणाचा निकाल भेग हलती आहे की स्थिरावलेली, यावर लागतो. तापमान ३० अंशांनी वाढले की ६ मीटर लांबीचे काँक्रीट सुमारे २ मिलिमीटर लांबते आणि गार होताना तितकेच आकसते. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ ठिपका लावून काही आठवडे पाहावे. तो चिरला, तर वरचा कडक थरही नेमका त्याच रेषेत फुटेल. अशा जागी भेगेत भरायचे लवचीक, रबरासारखे पॉलियुरेथेन सीलंटच टिकते.

खर्च सीलंटचा कमी, पण ठिगळे दिसत राहतात. थरासाठी पृष्ठभाग खरवडावा लागतो, हातोडीने ठोकून पोकळ वाजणारा भाग फोडावा लागतो आणि काम पहाटे उरकावे लागते, कारण विदर्भातल्या मे महिन्यात (खरे तर तेव्हा हे काम काढूच नये) पाणी उडून थरावर केसासारख्या चिरा पडतात. मात्र अनवाणी पायांना फिकट, खरखरीत थराचा दिलासा मोठा असतो; सीलंटने तो मिळत नाही.

मोजक्या, हलत्या भेगा असतील तर सीलंट पुरे. भेगा स्थिर असून पृष्ठभाग झिजला असेल तर थर द्यावा. भेगेची एक कड खचली असेल, तर दोन्ही पर्याय सोडून आधी खालचा भराव दुरुस्त करावा.