लोट्यातली नोकरी गेली: अटल की राजीव गांधी योजना?

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत कंपनी बंद पडली किंवा कामगारकपात झाली, आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) वर्गणी किमान दोन वर्षं भरलेली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनाच बघा. पहिले 12 महिने सरासरी रोजाच्या 50 टक्के बेकारी भत्ता, पुढचे 12 महिने 25 टक्के, शिवाय औषधोपचार. पण नोकरी का गेली याचा कागद लागतो, आणि तो मालकाकडून काढणं म्हणजे खडकावरची कालवं काढणं!

अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत 50 टक्केच, तेही जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच. मात्र कंपनी बंदच पडायला हवी असं नाही. बेकारीचे 30 दिवस झाले की दावा ईएसआयच्या संकेतस्थळावर भरता येतो. या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवतात, तेवढं आधी ईएसआयच्या शाखेत विचारा. गैरवर्तनामुळे काढलेल्यांना मिळत नाही.